किरणांची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "या वर्षी तुम्ही बोलायचेच" असे सांगितले, तेव्हा मी पहिल्यांदा हसण्यावारीच नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या अंथरणे, चहाचा हिशेब ठेवणे आणि संक्रांतीला तिळाच्या वड्या थापणे. भाषण करणाऱ्या बायांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवणारी मी, आज माझ्याच पुढ्यात तांब्या आहे! पण चिटणीसबाई म्हणाल्या, "विद्वत्तेचे बोलू नका, घरचे बोला." विषयही त्यांनीच दिला. झाडे, पाखरे, ऊन, पाऊस यांतले एखादे लहानसे दृश्य पाहून मनाला उभारी कशी येते, याविषयी चार शब्द सांगायचे. तर मला ठाऊक आहे तेवढे, आणि माझ्या घरात घडले तेवढेच सांगते. चुकले तर पदरात घ्या.

या विषयावर बोलायला कोल्हापूरकरणीला लांब जावे लागत नाही. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळ्याच जाणतो. आई पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे ऊन महाद्वारातून आत येते. गरुड मंडप ओलांडते, कासव चौकातून पुढे सरकते, उंबरठे चढते आणि गाभाऱ्यात शिरते. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर किरणे पोचावीत अशी त्या जुन्या कारागिरांची योजना. देवळातले दिवे त्या वेळी मालवतात. शेकडो माणसे श्वास रोखून दगडी फरशीवरून सरकणाऱ्या उन्हाकडे बघत असतात. एरवी त्याच उन्हाला आपण "डोळ्यांवर येतेय" म्हणून पदर आडवा धरतो!

पण दर वर्षी किरणे मुखापर्यंत पोचतातच असे नाही. कधी पश्चिमेला ढग येतात, कधी हवेत धूळ आणि बाष्प असते. शिवाय वाटेत वाढलेली बांधकामे, पाट्या, तारा यांचाही अडथळा होतो. म्हणून किरणोत्सवाच्या आधी त्या वाटेवरचे अडथळे कोणते, याची तपासणी होते, चर्चा होते. ही अडथळ्याची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा. माझे सगळे सांगणे तिच्यावरच आहे.

आता माझ्या घराकडे येते. आमचे घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. स्वयंपाकघर मागच्या बाजूला आणि मागून एक अरुंद बोळ पश्चिमेकडे गेलेला. लग्न होऊन मी आले तेव्हा त्या खोलीला बोळाच्या बाजूने एक लहान खिडकी होती. पुढे २००६ साली मी हट्ट धरून भिंतभर प्लायवूडचे कपाट करून घेतले. आमचे मालक उद्यमनगरात लेथवर कामाला. त्यांनी जादा पाळ्या करून सुताराचे पैसे फेडले. कपाटाच्या मागे खिडकी झाकली जाते, असे सासूबाई म्हणाल्या होत्या. मी म्हटले, "आत्या, खिडकीत डबे ठेवता येत नाहीत." त्या गप्प बसल्या. कपाटात माझे डबे ओळीने लागले, वर रुखवताची भांडी लागली आणि पुढे तेरा वर्षे मी दिवसासुद्धा दिवा लावून भाकऱ्या थापल्या. त्यात काही गैर आहे असे मला कधी वाटले नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तो महिना या सभागृहातल्या कुणालाही सांगायची गरज नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. आमच्या घरात नागपंचमीच्या रात्री पाणी शिरले. सासूबाईंना पाठंगुळी घेऊन मालक बाहेर पडले, मागून मी आणि दोन्ही मुले. मंगळवार पेठेत नणंदेकडे आम्ही आठ-दहा दिवस काढले. याच मंडळातल्या बायकांनी तेव्हा भाकरी-पिठल्याची पोती बांधून पूरग्रस्तांना पोचवली. ती भाकरी मी खाल्ली आहे, म्हणून आज सगळ्यांसमोर हात जोडते.

घरी परत आलो तर भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ. धान्य कुजलेले. ज्या मशीनवर मी पेठेतल्या बायकांची पोलकी शिवायची, ते शिलाई मशीन गाळाने भरलेले. माझ्या आईने हाताने शिवलेली वाकळ होती. आई गेल्यावर तेवढीच खूण राहिली होती. ती उचलायला गेले तर तिच्या चिंध्या हातात आल्या. आणि ते भिंतभर कपाट फुगून, फाटून, लगद्यासारखे झालेले. पोरांनी ते तुकड्या-तुकड्यांनी ओढून रस्त्यावरच्या ढिगावर टाकले. मी ओट्याला टेकून बघत होते.

भगिनींनो, खरे सांगते, साफसफाई होईपर्यंत मी कमरेला पदर खोचून राबले. गणपती झाले, नवरात्र झाले. सगळ्यांना वाटले, बाई सावरली. आणि घर लागल्यावर मग मी खचले. पहाटे जाग यायची, पण उठावेसे वाटायचे नाही. चुलीपुढे उभी राहिले तर आमटीत मीठ घातले की नाही हे आठवायचे नाही. कुणी दारात आले तर मुलीला "आई झोपलीय म्हणून सांग" म्हणायची. मंडळात येणे बंद केले. रडूही यायचे नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "बाई गं, पाणी घरातनं गेलं, तुझ्यातनं अजून जाईना बघ." मी उत्तर दिले नाही.

नोव्हेंबरात किरणोत्सव आला. गल्लीतल्या बायका निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "चल की गं, दोन तासांत येऊ." मी म्हटले, "तुम्ही जावा." त्या गेल्या. मालक पाळीवर, मुले शिकवणीला. मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून खाली बसले. कपाट गेल्यापासून ती खिडकी उघडी पडली होती. तिच्या गजांना गंज चढलेला, नवे पल्ले बसवायला पैसे नव्हते म्हणून रात्री पोते लावायचो. खिडकीकडे माझे लक्षही नव्हते.

साडेपाच वाजून गेले असतील. समोरच्या भिंतीवर एक ताम्हणाएवढा पिवळा ठिपका दिसला. पहिल्यांदा मला वाटले, कुणीतरी आरसा धरलाय. ठिपका हळूहळू मोठा झाला. चिखलाच्या त्या रेघेवर आला. घासून घासून न निघालेली ती रेघ मी रोज तोंड फिरवून टाळत असे. उन्हात तिचा रंग गुळाच्या ढेपेसारखा दिसायला लागला. मग ऊन शेगडीवरच्या पातेल्याला लागले आणि माझ्या हातांवर आले. हात गरम झाले. हवेतले धुळीचे कण वर-खाली होत होते, पोरे अंगणात खेळतात तसे. पाच-सात मिनिटे झाली असतील. बोळाच्या टोकाला सूर्य खाली गेला आणि ऊन उचलले गेले.

मी काय केले म्हणाल, तर उठून शेगडी पुसली. बस्स, एवढेच. पण कुणी न सांगता, मनापासून, तीन महिन्यांत पहिल्यांदा मी एखादे काम केले. मग चहा टाकला आणि सासूबाईंची वाट बघत दारात बसले. देवळात काय झाले हे विचारायचेही मला सुचले नाही. मीच त्यांना सांगत सुटले, "आत्या, आपल्या घरात ऊन येतं." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "यायचंच की. माझी लग्न झाल्यापासूनची खिडकी ती. तुझ्या डब्यांनी झाकली होती."

दुसऱ्या दिवशी मी पाच वाजल्यापासून तिथे बसले. आले. तिसऱ्या दिवशी आले. १४ नोव्हेंबरपर्यंत आले, रोज थोडे थोडे बारीक होत. १५ ला आले नाही. मी लहान मुलीसारखी हिरमुसले. तेव्हा माझ्या मुलीने कालनिर्णय काढून हिशेब मांडला. ती म्हणाली, "आई, सूर्य रोज थोडा दक्षिणेकडे सरकून मावळतो. २२ डिसेंबरला तो जायचा तेवढा जातो आणि मग माघारी फिरतो. म्हणजे जाताना ज्या जागी मावळला, त्याच जागी येताना पुन्हा मावळणार. आपलं शेवटचं ऊन १४ नोव्हेंबरचं. तिथून २२ डिसेंबर ३८ दिवस. आता पुढे ३८ दिवस मोज." आम्ही दोघींनी बोटांवर मोजले. २९ जानेवारी आला. तिने त्या चौकटीत लाल पेनाने खूण केली.

आणि मैत्रिणींनो, मग माझ्या ध्यानात आले की अंबाबाईच्या किरणोत्सवाचे गणितही हेच आहे. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबर ४२ दिवस आणि तिथून १ फेब्रुवारी ४१ दिवस. वर्षातून दोनदा किरणोत्सव का, याचे उत्तर मला चाळिशीच्या उंबरठ्यावर आपल्या स्वयंपाकघरात मिळाले. ज्यांनी ते देऊळ बांधले त्यांनी कितीतरी संध्याकाळी नुसते उभे राहून सूर्य कुठे मावळतो ते पाहिले असेल. त्यांनी घाई केली असती तर हे साधले नसते.

त्या लाल खुणेने मला एक गोष्ट दिली. पुढच्या दिवसांत वाट बघण्यासारखे काहीतरी आहे, हे दिले. त्याआधी उद्याचा दिवस म्हणजे उद्याचा हप्ता एवढेच डोक्यात असे. मधल्या दिवसांत मी डॉक्टरांकडेही गेले. हे मुद्दाम सांगते, लपवत नाही. झोप उडाली, जेवण तुटले, दोन-दोन महिने मन उठत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. उन्हाने हप्ते फिटत नाहीत आणि आजारही एकट्या उन्हाने जात नाही. डॉक्टरांची गोळी आणि खिडकीतले ऊन दोन्ही मला लागले. पण डॉक्टरांकडे जाण्यासाठी चप्पल पायात घालायची तरी इच्छा व्हावी लागते. ती मला त्या खिडकीने दिली.

२९ जानेवारी उजाडला. सासूबाई, मी आणि मुलगी तिघी साडेपाचपासून बसलो. सहा वाजले, काही नाही. माझा जीव खाली-वर. आकाशात ढगाचा टिपूस नाही, मग अडले कुठे? खिडकीतून वाकून पाहिले, तर पलीकडच्या मावशींनी बोळात आडव्या दोरीवर भली मोठी वाकळ वाळत घातलेली! आपले घरचे किरणोत्सवाचे अडथळे ते हे! दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेले. पुरानंतर मी कुणाच्या दारात गेले नव्हते. म्हटले, "मावशी, आज सांजच्याला वाकळ तेवढी काढून घ्याल का? आमच्याकडे ऊन येणार आहे." मावशी म्हणाल्या, "ऊन? कुठनं, पुण्यासनं येतंय व्हय?" पण वाकळ काढली, आणि काय ते बघायला संध्याकाळी स्वतःच आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची सून आली, तिच्या कडेवर लेकरू. सहाच्या सुमाराला भिंतीवर ठिपका उमटला. लेकराने तो मुठीत धरायचा प्रयत्न केला आणि सगळ्या हसलो. पुरानंतर माझ्या स्वयंपाकघरात एवढे हसू पहिल्यांदाच झाले. मावशींनी जाताना विचारले, "मशीन दुरुस्त केलीस का गं? माझी चार पोलकी शिवायची हाईत." दुसऱ्या दिवशी मी मशीन मिस्त्रीकडे टाकले.

माझी ती मुलगी आता परिचारिका आहे. तिच्या अभ्यासात एक गोष्ट होती, ती तिने मला सांगितली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने तपासल्या. त्या नोंदी १९७२ ते १९८१ या काळातल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधेही कमी लागली. १९८४ साली त्याने हे छापले. हे ऐकल्यावर मी मुलीला म्हटले, "म्हणजे मी तेरा वर्षे विटांच्या भिंतीवाल्यांत होते, आणि ती भिंत पैसे मोजून मीच करून घेतली होती!" तिनेच आणखी सांगितले की जपानात १९८२ पासून सरकारी वनखात्यानेच लोकांना रानात सावकाश फिरायला सांगितले आणि त्याला रानाचे स्नान असे नाव दिले. आपल्याकडे राधानगरी-दाजीपूरचे रान हाकेवर आहे. पण तिथे जायला गाडी-घोडा, सुट्टी आणि पैसा लागतो. आपल्यातल्या किती जणींना ते जमते?

म्हणून मी आपल्या आवाक्यातलेच सांगते. वळवाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा आपण पापड-कुरडया उचलायला धावतो. धावाच, पण पाट्या आत ठेवल्यावर दोन मिनिटे दारात थांबा आणि तो मातीचा वास घ्या. हिवाळ्यात एसटीने माहेरी जाताना दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले असतात. खिडकीकडची जागा मिळाली तर मोबाईल पिशवीत ठेवा आणि वाऱ्यावर ते रुपेरी तुरे हलताना बघा. रंकाळ्यावर भेळ खायला जातो, तेव्हा भेळेचा कागद टाकायच्या आधी एकदा पाण्याकडे बघा. आणि तो कागद पाण्यात टाकू नका! पंचगंगेच्या घाटावर सकाळी धुके असते. ज्या नदीने माझे घर बुडवले तिच्याकडे पहिल्यांदा पुन्हा बघायला मला दीड वर्ष लागले. पण एका सकाळी गेले. एक खंड्या पायरीवर बसला होता. निळी रेघ ओढावी तसा उडाला. त्या दिवशी नदीवरचा माझा राग सगळा गेला असे नाही, पण निम्मा गेला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, पुन्हा घरात पाणी शिरले. पुन्हा चिखल, पुन्हा तोच वास. या खेपेला मात्र मशीन आधीच नणंदेकडे हलवले होते, आणि खिडकीपुढे कपाट नव्हते. तिथे एक पाट मांडलेला असतो. गाळ काढून झाल्यावर मी पहिल्यांदा कालनिर्णय नवे आणून भिंतीला लावले आणि नोव्हेंबरात लाल खूण केली. सासूबाई म्हणाल्या, "आता बघ, ह्या खेपेला पाणी तुझ्यात शिरलं न्हाई." त्या आता नाहीत. गेल्या, तेव्हा ऊन येण्याला थोडेच दिवस बाकी होते. ते आले तेव्हा मी पाट त्यांच्यासाठी रिकामा ठेवला.

माझे सांगणे एवढेच आहे. ऊन, पाऊस, पाखरू हे आपल्या वेळेला येत असते. आपल्याला ते आणता येत नाही. वाट तेवढी मोकळी ठेवता येते. प्रत्येकीच्या घरात एखादे कपाट असते. कुणाचे डब्यांचे, कुणाचे मोबाईलचे, कुणाचे "लोक काय म्हणतील" याचे. सगळे कपाट फोडा असे मी म्हणत नाही, संसार आहे, डबे लागतातच. पण एक वीतभर खिडकी त्यातून सोडा.

आणि दुसरे, आपल्यापैकी कुणी मंडळात यायची थांबली असेल, "झोपलीय" असा निरोप येत असेल, तर तिच्या दारात जा. उपदेश करू नका, मला उपदेशाने काही झाले नव्हते. "चल की गं, दोन तासांत येऊ" एवढेच म्हणा. ती आली नाही तरी रागावू नका, पुन्हा जा. फारच खचलेली दिसली तर तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. सरकारचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर मन दुखावलेल्या माणसाशी मराठीतूनही बोलतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो आपल्या फळ्यावर लिहून ठेवावा अशी मी चिटणीसबाईंना विनंती करते.

येत्या नोव्हेंबरात किरणोत्सवाला जाऊन आल्यावर प्रत्येकीने आपल्या घरात ऊन कुठून येते, किती वाजता येते, कशावर पडते हे पाहावे आणि पुढच्या सभेत येऊन सांगावे. मी त्याची वही घालते. हिशेब ठेवायची मला सवय आहेच.

 आता मला चहाकडे बघितले पाहिजे, म्हणून माझे चार शब्द इथेच पुरे करते.